बगळ्यांवरील आरोपपत्र

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतील आमच्या आळीच्या तोंडाशी असलेल्या जुन्या वडावर बगळ्यांनी वसाहत केली. बहुतेक गायबगळे होते, काही ढोकऱ्या होत्या आणि शेंड्याला पाणकावळ्यांची पाच-सहा घरटी होती. आषाढ संपेपर्यंत झाडाखालचा रस्ता पांढरा झाला, कुजक्या मासळीचा वास घरांत शिरू लागला आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात आळीतील तीन घरांत टायफॉइडचे रुग्ण निघाले. दोन घटना एकाच वेळी घडल्या की त्यांतील एकीला दुसरीचे कारण ठरविण्याचा मोह माणसाला आवरत नाही. या मोहापासून सावध राहण्याचा उपदेश आम्ही संख्याशास्त्राच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना करतो. तथापि वर्गातील उपदेश घराच्या उंबरठ्यापर्यंत टिकतोच असे नाही. 'बगळ्यांच्या विष्ठेमुळे रोगराई पसरत असून वडाच्या फांद्या तोडून हा उपद्रव तातडीने दूर करावा' अशा आशयाचा अर्ज तयार झाला. त्यावर बेचाळीस सह्या झाल्या. त्यांतील सातवी सही प्रस्तुत लेखकाची आहे.

फांद्या तोडल्या गेल्या तेव्हा घरट्यांत पिल्ले होती. ती पावसात रस्त्यावर पडली, त्यांतील काही मुलांनी टोपलीत घालून घरी नेली, बाकीची कुत्र्यांनी नेली. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा आणि नागरी भागांतील झाडांच्या जतनाचा महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा, हे दोन्ही कायदे आळीतील निदान चार-पाच सुशिक्षितांना ठाऊक होते. पण रोगराईचे नाव निघाले की कायद्याचे नाव काढणारा मनुष्य समाजाचा शत्रू ठरतो. असो. झाड बोडके झाले, वास गेला, रस्ता धुतला गेला. तीन आठवड्यांनी आळीत टायफॉइडचा चौथा रुग्ण निघाला.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणारे माझे एक सहकारी आहेत. त्यांना हा प्रकार सांगितला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही अर्ज चुकीच्या आरोपीविरुद्ध केलात. टायफॉइडचा जीवाणू बगळ्याच्या पोटात वस्तीला राहत नाही. तो राहतो तुमच्याआमच्या पोटात." हे वाक्य ऐकून झालेली शरम हेच या लेखाचे निमित्त आहे.

टायफॉइडला कारण होणारा साल्मोनेला टायफी हा जीवाणू निसर्गात केवळ माणसाच्या आश्रयाने राहतो. रोग्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि दूषित पाणी वा अन्न यांवाटे दुसऱ्या माणसाच्या पोटात जातो. काही माणसे बरी झाल्यावरही तो वर्षानुवर्षे पित्ताशयात बाळगतात व स्वतः ठणठणीत असताना इतरांना देत राहतात. न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन ही स्वयंपाकीण याचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. १९०७ मध्ये तिला प्रथम सक्तीने एकांतवासात ठेवण्यात आले आणि पुढे १९१५ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३८ पर्यंत, ती तिथेच राहिली. टायफॉइडचा वाहक शोधायचा तर तो झाडाच्या शेंड्यावर शोधून उपयोगी नाही. तो शौचकूप, गटार आणि नळ यांच्या दरम्यान कोठे तरी सापडतो.

आमच्या आळीत तो कोठे सापडण्याजोगा होता, हे पाहण्यास फार विद्वत्ता लागत नाही. मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंतची नळजोडणी प्रत्येकाने आपापल्या खर्चाने घेतलेली. नळी जितकी आखूड तितका खर्च कमी, म्हणून बहुतेकांनी तिला सर्वांत जवळची वाट दिली, आणि ही जवळची वाट गटारातून जाते. माझीही नळी गटारातूनच जाते. पाणी दिवसातून ठरावीक वेळच येते. उरलेल्या वेळी नळीतील दाब नाहीसा होतो आणि गंजलेल्या सांध्यातून गटाराचे पाणी आत खेचले जाते. पावसाळ्यात गटार तुडुंब भरते, जांभ्या दगडाच्या सच्छिद्र जमिनीत खोदलेल्या शोषखड्ड्यांतील मैला भूजलात उतरतो आणि विहिरींनाही भिडतो. बगळे पावसाळ्यातच घरटी करतात आणि टायफॉइड, कावीळ, जुलाब हेही पावसाळ्यातच बळावतात. दोघांचा संबंध आहे, पण तो पावसामुळे आहे.

येथे लेख संपविला असता तर पक्षिप्रेमी मंडळी प्रसन्न झाली असती. परंतु पाणपक्षी सर्वस्वी निर्दोष आहेत असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. टायफॉइडचा नसला तरी साल्मोनेला कुळातील इतर अनेक जीवाणूंचा संसार पक्ष्यांच्या आतड्यांत चालतो. त्यांच्यामुळे माणसाला जुलाब, उलट्या व ताप येतो. कॅम्पायलोबॅक्टर नावाच्या जीवाणूला तर पक्ष्याचे शरीर विशेष मानवते. माणसाचे शरीर ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, पक्ष्याचे ४१-४२ अंश. आणि हा जीवाणू नेमका त्या उष्णतेत उत्तम वाढतो. बदके, कुरव, करकोचे, क्रौंच अशा नाना पक्ष्यांत तो आढळला आहे, आणि बहुधा त्या पक्ष्यांना त्याचा काही त्रासही होत नाही. एश्चेरिचिया कोलाय हा आतड्यांतील सर्वपरिचित जीवाणू पक्ष्यांतही असतोच. पाश्चरने १८८० च्या सुमारास ज्या 'कोंबड्यांच्या कॉलऱ्या'वर प्रयोग करून दुबळ्या केलेल्या जंतूंची लस शोधली, त्या रोगाचा जीवाणू रानटी बदकांच्या थव्यांनाही साथीने मारतो. माणसांच्या कॉलऱ्याशी मात्र त्याचा नावापलीकडे संबंध नाही.

पक्ष्यावरचा आरोप पुराव्यानिशी शाबीत झाल्याचे उदाहरणही देतो. २००८ साली अमेरिकेच्या अलास्का राज्यात कॅम्पायलोबॅक्टरमुळे जुलाबाची साथ आली. चौकशीअंती असे आढळले की, रुग्णांनी कच्चे मटार खाल्ले होते, ते मटार ज्या शेतांतून आले तेथे क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरत होते, आणि रुग्णांच्या शरीरातील, मटारांवरील व क्रौंचांच्या विष्ठेतील जीवाणूंचे वाण जुळत होते. तपास कसा असावा याचा हा वस्तुपाठ आहे. आधी रुग्ण, मग अन्न, मग शेत, मग पक्षी आणि शेवटी जीवाणूच्या ठशांची पडताळणी. आमच्या आळीने पहिल्या पायरीवरून थेट झाडावर उडी घेतली.

पक्षी जंतू वाहतो हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास अधिक ओळखीचा आहे: हा माल पक्ष्याच्या पोटात भरला कोणी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मिरकरवाड्याच्या बंदरात सकाळी जाऊन उभे राहावे. नौका लागलेल्या असतात, क्रेट उतरत असतात, लिलावाचा कोलाहल चालू असतो आणि वर कुरवांचे थवे घिरट्या घालीत असतात. तिबेट, लडाख व मध्य आशियाच्या उंच पठारांवरील सरोवरांकाठी विणीचा हंगाम संपवून तपकिरी डोक्याचे कुरव आपल्या किनाऱ्यावर हिवाळा काढण्यास येतात. त्यांच्या जोडीला इतर जातींचे कुरव, सुरय, समुद्रबगळे, घारी व कावळे असतातच. हे पक्षी येथे काय खातात? काही ताजी मासळी खातात हे खरे. पण मोठ्या प्रमाणावर खातात ते आपण टाकलेले: मासळीची आतडी, सडका माल, धक्क्यालगतच्या काळ्या पाण्यात तरंगणारी घाण. त्या पाण्यात नौकांवरील मैला आहे, वस्तीतील नाल्याचे पाणी आहे, बर्फाचे वितळलेले पाणी आहे. पक्षी ते खातो, पितो, त्यातच पाय बुडवितो, आणि मग उडून भाट्याच्या वाळूवर, काळबादेवीच्या खाजणात किंवा कोणाच्या तरी उघड्या टाकीवर जाऊन बसतो.

सांडपाण्याच्या तोंडाशी व कचऱ्याच्या ढिगांवर चरणारे कुरव साल्मोनेला बाळगतात, हे युरोपातील संशोधकांनी गेल्या शतकाच्या सत्तरीत-ऐंशीतच दाखविले होते. त्यातील लक्षणीय भाग असा की, निरोगी कुरवाच्या पोटात हा जीवाणू सामान्यतः फार काळ टिकत नाही. काही दिवसांत तो बाहेर पडतो. ज्या थव्यात तो कायम आढळतो, तेथे त्याचा पुरवठा कायम चालू आहे असाच अर्थ घ्यावा लागतो. तो पुरवठा आपण करतो. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर कुरव हा उत्पादक नव्हे, वाहतूकदार आहे.

याहून बोलका पुरावा प्रतिजैविकांचा आहे. सायबेरिया, अलास्का व ग्रीनलंड येथील बर्फाळ प्रदेशांतील रानपक्ष्यांच्या आतड्यांतून शास्त्रज्ञांना असे एश्चेरिचिया कोलाय मिळाले आहेत की ज्यांच्यावर माणसांची औषधे चालत नाहीत. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या ओसाड माळावर औषधाचे दुकान नाही, कुक्कुटपालनाचा कारखाना नाही, पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवसांत सोडून देणारा रोगीही नाही. औषधांना न जुमानण्याची ही विद्या त्या जंतूंनी दक्षिणेकडील दाट वस्त्यांत, इस्पितळांच्या सांडपाण्यात व पशुपालनाच्या खुराड्यांत संपादन केली आणि पक्ष्यांनी ती ध्रुवापर्यंत पोहोचविली, असेच मानणे भाग आहे. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटचा आधार म्हणून राखून ठेवण्याचे औषध आपल्या देशात कोंबड्यांचे वजन वाढविण्यासाठी सर्रास खाद्यात मिसळले जात होते; त्याला मनाई झाली ती २०१९ मध्ये. तोपर्यंत त्या कोंबड्यांची विष्ठा खत म्हणून शेतांत पडत होती आणि त्याच शेतांत गायबगळे किडे टिपीत होते.

पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये आपल्या 'कल्याणाच्या अर्थशास्त्रा'त एक साधी गोष्ट मांडली. उत्पादन करणाऱ्याने जो खर्च स्वतः सोसला तो त्याच्या हिशेबात येतो. जो त्याने शेजाऱ्यावर ढकलला तो येत नाही. धुराड्याचा धूर हे त्याचे परिचित उदाहरण. मैला व मासळीची घाण यांचे तसेच आहे. ती योग्य रीतीने नाहीशी करण्यास खर्च येतो. तो खर्च आपण केला नाही म्हणजे तो वाचला असे होत नाही, तो फक्त आपल्या वहीतून निघून जातो. आता तो पंख फुटून उडतो, इतकाच फरक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या नागरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. शुद्धीकरण केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३६ दशलक्ष लिटर. म्हणजे दहा भागांतील सात भागांहून अधिक पाणी जसे आले तसे नदी-नाल्यांत, खाड्यांत आणि समुद्रात गेले. त्या पाण्यावर जे पक्षी जगतात, त्यांनी निर्जंतुक राहावे ही अपेक्षा थोडी जास्तच आहे.

हा न केलेला खर्च करणे आपल्याला अशक्य आहे असेही नाही. १९९७ साली युरोपीय संघाने आरोग्याच्या कारणावरून भारतीय मत्स्योत्पादनांची आयात काही महिने रोखून धरली. परकीय चलन अडकताच आमच्या निर्यातदारांना व सरकारला जाग आली. कारखान्यांची तपासणी झाली, अटी पूर्ण करणाऱ्यांनाच परवाने मिळू लागले. त्या अटींत कीटक, उंदीर व पक्षी यांना मज्जाव करण्याची स्पष्ट तरतूद असते: जाळ्या, बंद खोल्या, फरशीचे उतार, क्लोरीनयुक्त पाणी, बर्फाची तपासणी. हा सर्व खर्च करूनही कोळंबी व म्हाकूल परदेशी गेले आणि धंदा बुडाला नाही. त्याच समुद्रातील, त्याच नौकेतून उतरलेला बांगडा जेव्हा रत्नागिरीच्या बाजारात येतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर जाळी नसते. सुकविण्याची मासळी वाळूवर पसरलेली असते, तिच्यावरून कावळे चालतात आणि कुरव शिटतात. पक्षी दोन्हीकडे एकच. संरक्षण मात्र ब्रुसेल्सच्या ग्राहकाला आहे, भाट्याच्या ग्राहकाला नाही. ज्याच्यापाशी माल नाकारण्याची ताकद आहे त्याच्यासाठी खर्च होतो, या नियमाचे इतके स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

पक्ष्यांकडे बोट दाखविण्याची सवय आपल्याला आजची नाही. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली आणि माणसांना तापाने पछाडले. क्यासनूर अरण्याचा हा रोग पुढे 'माकडताप' या नावाने २०१६ पासून आपल्या सिंधुदुर्गातही पोहोचला. त्याचा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी नात्याने जवळचा निघाला, तेव्हा सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तो आणला असावा असा संशय आला. या शंकेच्या शोधासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत वळी अडकविण्याचे प्रचंड काम हाती घेतले. आरोप शाबीत झाला नाही. उलट पक्ष्यांच्या प्रवासाचे अमोल ज्ञान मात्र देशाला मिळाले. (या कामातील अमेरिकी सहभागावरून १९७४-७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत वादळ गेले, तो निराळाच इतिहास आहे.) रोगाचे मूळ अरण्यातील गोचीड, माकडे व लहान प्राणी यांच्या साखळीत होते आणि माणूस गुरे व कुऱ्हाड घेऊन त्या साखळीत शिरला होता.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक जाहीर झाला. हा रोग जीवाणूचा नव्हे, विषाणूचा. दोघांची गल्लत करू नये. या विषाणूचे मूळ आश्रयस्थान रानटी पाणपक्षी आहेत, हेही खरे. साहजिकच पहिले बोट स्थलांतरित पक्ष्यांकडे गेले. परंतु पिल्लांची ने-आण, अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गाड्या, कामगारांची पादत्राणे यांतूनही तो एका खुराड्यातून दुसऱ्या खुराड्यात जातो, आणि हजारो कोंबड्या दाटीने कोंडलेल्या शेडमध्ये तो शिरला की रानात न मिळणारे इंधन त्याला मिळते. काही लाख कोंबड्या माराव्या लागल्या. नवापूरची एक पिढी ज्यावर उभी होती तो धंदा आडवा झाला.

जानेवारी २०२१ मध्ये हेच संकट आपल्या जिल्ह्याच्या दारात आले. परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात कोंबड्या मेल्या, ठाण्यात बगळे मेले आणि आपल्या दापोलीत कावळे मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले. ज्या कावळ्याने पिंडाला शिवावे म्हणून आपण ताटकळत उभे राहतो, तोच मेलेला सापडला तेव्हा लोक त्याच्याजवळ फिरकेनात. त्याच महिन्यात हिमाचल प्रदेशातील पोंग धरणाच्या जलाशयावर पट्टकादंब हंस हजारोंनी मेले. वाहक म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले, तो स्वतःच बळी होता.

रोग्याच्या यादीत माणूस नव्हता, तरी किंमत माणसांनी मोजली. ती कोणी मोजली हे पाहण्याजोगे आहे. कोंबडीचा खप एका आठवड्यात घसरतो; नीट शिजविलेल्या मांसात ७० अंशांवर विषाणू टिकत नाही हे सांगणारी पत्रके खप घसरल्यानंतर निघतात. नियमाप्रमाणे भरपाई मिळते ती सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच रोगाने मेलेल्यांची नाही. मोठ्या कंपनीशी करार केलेला शेडमालक निदान कागद दाखवू शकतो. परसात आठ-दहा गावठी कोंबड्या बाळगून अंडी विकणाऱ्या, त्या पैशांत मुलांच्या वह्या आणि घरातील मीठ-मिरची भागविणाऱ्या बाईची नोंद कोणत्याच वहीत नसते. तिच्या गिऱ्हाइकाने महिनाभर पाठ फिरविली तर ते नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही आकड्यात उतरत नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत मात्र 'स्थलांतरित पक्ष्यांमुळे' हे दोन चमचमीत शब्द असतात, आणि एकदा ते छापले गेले की शेड, बाजार, वाहतूक व तपासणी यांबद्दलचे कंटाळवाणे प्रश्न विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

जीवाणूंच्या बाबतीत पक्षी किती असहाय असतो हे राजस्थानातील सांभर सरोवराने दाखविले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथे अठरा हजारांहून अधिक पाणपक्षी मेले. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने बॉट्युलिझमचे निदान केले. या जीवाणूचे बीज चिखलात निद्रिस्त असते. अनुकूल उष्णता व प्राणवायूविरहित कुजकट जागा मिळताच ते जागे होऊन विष निर्माण करते. त्या विषाने पक्षी मरतो, त्याच्या प्रेतात अळ्या होतात, विष अळ्यांत साठते, त्या अळ्या दुसरा पक्षी खातो आणि तोही मरतो. मेलेले पक्षी त्वरेने उचलून नष्ट करणे हाच ही साखळी तोडण्याचा मुख्य उपाय आहे, आणि तो करण्यास माणसे, होड्या व तत्परता लागते. यांतील काहीही पक्ष्यांपाशी नाही.

मग करावे काय? पक्षी येत राहणार. कुरवांना मिरकरवाड्यात येऊ नका असे सांगणारा अर्ज तिबेटपर्यंत पोहोचत नाही. आपल्या हाती आहेत त्या गोष्टी साध्या, स्वस्त आणि कोणाच्याही भाषणात न शोभणाऱ्या आहेत. गच्चीवरील पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवे. उघडी टाकी म्हणजे कावळ्या-कबुतरांचे स्नानगृह. सुकी मासळी वाळूऐवजी उंच मांडवावर जाळीखाली सुकली तर ती स्वच्छ राहते आणि तिला भावही बरा मिळतो. मासळीची घाण समुद्रात लोटण्याऐवजी गोळा केली तर तिचे खत व खाद्य होते. फुकट खाणे बंद झाले की बंदरावरील थवेही पातळ होतात. मुळे, कालवे व तिसऱ्या हे जीव पाणी गाळून जगतात आणि पाण्यातील जंतू स्वतःत साठवितात; म्हणून ज्या खाडीत नाले उतरतात तेथील शिंपल्यांची वेळोवेळी परीक्षा झाली पाहिजे. रत्नागिरीत सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र १९५८ पासून आहे, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. हिवाळ्यात चार महिने कुरवांच्या विष्ठेचे, धक्क्यावरील पाण्याचे व नाल्याच्या मुखाचे नमुने एकाच दिवशी घेऊन त्यांतील जीवाणूंची तुलना करणे हे काम या शहरात होण्याजोगे आहे. त्यास लागणारा पैसा एखाद्या सुशोभीकरणाच्या कमानीहून अधिक नसावा. त्या तुलनेतून वाहतूकदार कोण व पुरवठादार कोण, हे निदान आपल्यापुरते तरी आकड्यांत कळेल.

आणि मेलेला पक्षी दिसला तर त्याला उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, एवढी सूचना शाळेशाळेतून दिली गेली पाहिजे. गेल्या वर्षी आमच्या आळीतील मुलांनी ती पिल्ले टोपलीत घालून घरी नेली आणि त्याच हातांनी भात कालविला. बगळ्यांपासून रोगाची जी काही खरी शक्यता होती, ती आम्ही फांद्या तोडून कमी केली नाही. ती झाडावरून उतरवून मुलांच्या हातात दिली.

यंदा मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वडाला पालवी फुटली आहे, पण बगळे आलेले नाहीत. ते पलीकडच्या आळीतील चिंचेवर गेले आहेत आणि तेथेही अर्ज लिहिला जात असल्याचे ऐकतो. आमच्या आळीत मी दुसरा अर्ज फिरवीत आहे. सर्वांच्या नळजोडण्या गटारातून उचलून भिंतीच्या कडेने नव्याने टाकण्याचा तो आहे, आणि त्यासाठी प्रत्येक घरास वर्गणी द्यावी लागणार आहे. पहिल्या अर्जावर दोन संध्याकाळींत बेचाळीस सह्या झाल्या होत्या. या अर्जावर पाच आठवड्यांत अकरा झाल्या आहेत.